टाईलवर लेझरने फोटो काढायचाय? आधी माझ्या सात वाया गेलेल्या टाईल ऐका

पहिली टाईल मशीनखालून काढली तेव्हा मी ती घरभर दाखवत फिरलो होतो. आमच्या नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती, काळाकुळकुळीत, एकदम झक्कास. मग मोरीजवळ बसून थिनरचा बोळा फिरवला आणि दोन मिनिटांत मारुतीराया रंगासकट फडक्यावर, हातात कोरी पांढरी टाईल. आई म्हणाली, "चला, टाईल तरी स्वच्छ निघाली."

एकूण सात टाईल वाया गेल्या. पहिल्या तीन वेळा मी सेटिंग बदलत बसलो, पॉवर वाढव, स्पीड कमी कर, आणि घोळ होता रंगात. म्हणून सांगतो, लेझर किती वॅटचा आहे ते नंतर बघा, या कामात रंगाचा थर हीच निम्म्याहून जास्त कारागिरी आहे.

हे काम दोन पद्धतीने होतं. एक म्हणजे टाईलला काळा रंग मारायचा आणि लेझरने तो जाळून काढायचा, खालची पांढरी टाईल दिसते, फोटो तयार. सोपं आहे, कमी पॉवरवर होतं, आणि यात फोटो निगेटिव्ह करून घालावा लागतो कारण लेझर लागेल तिथे पांढरं होणार. पण शेवटी तो टाईलवर बसलेला रंगच ना, चावी घासली की ओरखडा. शोकेसमध्ये ठेवायला ठीक, मोरीत किंवा दारावर नको.

दुसरी पद्धत पांढऱ्या रंगाची, नेटवर तिला नॉर्टन व्हाइट टाइल मेथड म्हणतात. पांढऱ्या चकचकीत टाईलवर पांढराच मॅट रंग मारायचा, लेझर चालवायचा, उरलेला रंग थिनरने धुऊन टाकायचा. पांढऱ्यावर पांढरं मारून काळा फोटो कुठून येतो हे मला पण आधी पटलं नव्हतं. तर गंमत अशी आहे की पांढऱ्या रंगात पांढरेपणा येतो टिटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पावडरीमुळे. लेझरचा ठिपका पडतो तिथे एवढी उष्णता होते की त्या पावडरीतला थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि ती गडद होते, आणि त्याच वेळी खालचं ग्लेझ, म्हणजे टाईलवरचा काचेसारखा थर, तेवढ्यापुरतं वितळून त्या पावडरीला धरून ठेवतं. थंड झालं की ती काचेतच अडकली. मग थिनर मारा, तारेची घासणी मारा, जात नाही.

आता माझा मारुती का गेला ते कळलं असेल. मी रंग भिंतीला देतात तसा जाड दिला होता. वरचा थर काळा झाला, उष्णता ग्लेझपर्यंत पोचलीच नाही, मग खालून धरणार कोण.

टाईल आणि रंग

टाईल साधी पांढरी, ग्लॉसी, सिरॅमिक, भिंतीला लावतात ती. ८ बाय १२ इंचाची कुठल्याही टाईल्सच्या दुकानात मिळते, आपल्याकडे येणारा बहुतेक माल मोरबीचाच असतो. दुकानदार म्हणणार, "भाऊ, एक नाही देता येणार, बॉक्स घ्या." तर बॉक्सच घ्या, लागणारच आहेत, नाहीतर जवळपास कुठे बाथरूमचं काम चालू असेल तर मिस्त्रीला विचारा, उरलेल्या दोन-चार देतो तो आनंदाने. फरशीची पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड टाईल आणू नका, ती दिसते चकचकीत पण ती घासून चमकवलेली असते, वर बऱ्याचदा ग्लेझ नसतं, आणि ग्लेझ नाही तर सगळी कहाणीच नाही. मॅट फिनिशवाली पण नको, तिच्या खरबरीत पृष्ठभागात रंग अडकतो आणि धुताना जीव जातो.

रंग म्हणजे पांढरा मॅट स्प्रे कॅन. क्रीम, ऑफ व्हाइट, पर्ल यातलं काही नको. सगळ्या पांढऱ्या कॅनमध्ये टिटॅनियम एकसारख्या प्रमाणात नसतं आणि डब्यावर कोणी लिहीत पण नाही, स्वस्तातल्यात खडूसारखं भरणच जास्त असतं. माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टाईलचा बळी अशाच एका स्वस्त कॅनने घेतला, कितीही पॉवर द्या, फिकट तपकिरी डाग. त्यामुळे दोन वेगळे कॅन आणा, एकाच टाईलवर अर्धा अर्धा मारून बघा, जो काळा उठेल तो पुढे तोच वापरा. अजून एक मार्ग म्हणजे टिटॅनियम डायऑक्साइडची पावडरच आणायची, रंगाचं रसायन विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळते, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ढवळून पातळ ताकासारखं करायचं आणि टाईलवर पसरवायचं. काळेपणा छान येतो, पण थर एकसारखा बसवणं अवघड, ब्रशच्या रेघा थेट फोटोत उठतात, आणि कोरडी पावडर नाकात जाता कामा नये म्हणून मास्क. मी कॅनवरच परत आलो.

मारायचा कसा? टाईल आधी भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, मग थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. कोपऱ्यात काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा. कॅन चांगला मिनिटभर हलवायचा, हातभर नाही पण वीतभर तरी लांब धरायचा, आणि टाईलच्या बाहेरून सुरू करून बाहेर संपवायचं, मध्ये थांबायचं नाही. पहिला हात फक्त धुकं बसल्यासारखा. दहा मिनिटांनी दुसरा आडवा, मग तिसरा उभा. टेप काळा दिसायचा थांबून फिकट राखाडी दिसायला लागला की बस्स. तुम्हाला वाटेल अजून एक हात मारावा. नका मारू.

नाशिकच्या हवेचं पण बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागलेला असताना रंग लवकर वाळत नाही, ढगाळ पांढुरका होतो, आणि वरून वाळल्यासारखा वाटला तरी आतून ओला असतो, लेझर फिरला की बुडबुडे. मी तेव्हा टाईल रात्रभर फ्रीजच्या मागच्या बाजूला उभी ठेवतो, तिथे ऊब असते. मे महिन्यात उलटं, दुपारी गच्चीत स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतो आणि टाईलवर वाळूसारखी कचकच बसते. सकाळी सातच्या आत मारा. काहीही असो, स्प्रे आणि लेझर यात एक रात्र जाऊ द्या.

मशीन, आणि डोळे

माझं मशीन डायोड लेझरचं आहे, ४५० नॅनोमीटर म्हणजे निळा प्रकाश, ५ वॅट ऑप्टिकल. ऑप्टिकल शब्दावर जोर देतोय कारण जाहिरातीत २० वॅट, ४० वॅट असं मोठ्या अक्षरात असतं आणि ते बऱ्याचदा वीज किती खातो त्याचं असतं, प्रकाश किती बाहेर पडतो त्याचं नाही. घ्यायच्या आधी विचारून घ्या. या कामाला ५ पुरतो, १० असेल तर वेळ वाचेल. ॲक्रिलिक कापणाऱ्यांकडे असतो तो सीओटू लेझर, १०.६ मायक्रॉनचा, त्याची उष्णता ग्लेझ स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे झालं की ग्लेझला बारीक तडे जातात. जमतं त्यावरही, पण सेटिंगचा हिशोब वेगळा, ते इथे सांगत नाही.

आता जरा सिरीयस. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये येतो, म्हणजे थेट सोडा, परावर्तित होऊन आला तरी डोळा जाऊ शकतो, आणि आपण काम कशावर करतोय तर चकचकीत टाईलवर. मशीनबरोबर फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर भरवसा ठेवू नका. ४५० नॅनोमीटरसाठी ओडी ५ किंवा वर (ओडी म्हणजे चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) असं स्पष्ट लिहिलेला चष्मा वेगळा घ्या. घरातल्यांना सांगा की मशीन चालू असताना खोलीत यायचं नाही, पोरांना आणि मांजराला सांगून कळत नाही म्हणून कडी लावा. धूर निघतो तो रंगाचा निघतो, अगरबत्तीचा नाही, एक्झॉस्ट फॅन खिडकीत बसवून बाहेर काढा. थिनर-ॲसिटोनची बाटली त्या खोलीत नको. आणि मशीन लावून चहाला जायचं नाही, अडीच तास लागले तरी बसायचं.

फोटो कसला निवडायचा

इथे लोक फार चुकतात. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो उचलतात, त्यात पिक्सेलच उरलेले नसतात. मूळ फाईल मागा, व्हॉट्सअॅपवरच पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

लेझर फोटो रेघेरेघेने काढतो, त्यामुळे हिशोब सोपा आहे. १५० मिमी रुंद फोटो आणि रेघांमधलं अंतर ०.१ मिमी धरलं तर १५०० रेघा, म्हणजे फोटो १५०० पिक्सेल रुंद हवा, ना कमी ना जास्त. यालाच २५४ डीपीआय, म्हणजे इंचाला २५४ ठिपके, म्हणतात. वेळ पण यातूनच निघतो, १५० बाय १५० मिमीला १५०० रेघा गुणिले १५० मिमी म्हणजे २,२५,००० मिमी प्रवास, मिनिटाला १५०० मिमी स्पीड असेल तर १५० मिनिटं, वर वळायचा वेळ वेगळा. रविवारची सकाळ गेली असं समजा.

दगडाचे फोटो या पद्धतीत जबरदस्त येतात. काळारामाच्या देवळाची भिंत, नारोशंकराचं देऊळ, पांडवलेण्यातले खांब, सगळ्याला पोत आहे, ठिपक्यांना पकडायला काहीतरी मिळतं. आमचा दुतोंड्या तर त्यासाठीच बनलाय, पण फोटो थंडीत सकाळी तिरपं ऊन असताना काढा. पुरात पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे बघायला अख्खं गाव जातं तेव्हा काढलेले फोटो बातमीला भारी, टाईलला बेकार, ढगाळ उजेडात सगळं एकाच राखाडी रंगाचं. सूर्यास्त, धुकं, द्राक्षबागेचा लांबून काढलेला हिरवा देखावा, हे पण नको, काळ्या-पांढऱ्यात नुसता लगदा होतो.

चेहऱ्याचा फोटो असेल तर मागची पार्श्वभूमी उडवून पांढरी करा. जिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कशातही आधी ग्रेस्केल, म्हणजे काळा-पांढरा, करा, मग सावल्या उजळा, स्क्रीनवर जरा जास्तच फिकट वाटेल इतपत, कारण टाईलवर ठिपका त्याच्या जागेपेक्षा थोडा फुगतो आणि सगळं एक पायरी गडद येतं. आजोबांच्या जुन्या फोटोत मी हे केलं नव्हतं, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आले, आजीने बघून टाईल पालथी ठेवली. शेवटी थोडं शार्पन करा, डोळे आणि मिशीचे केस उठतील इतकं.

राखाडी छटा कशा आणायच्या हा प्रश्न येतोच. लाकडावर पॉवर कमी-जास्त करून छटा मिळतात, इथे ते नीट चालत नाही, कारण पॉवर जरा कमी झाली की पावडर ग्लेझमध्ये बसतच नाही, धुतल्यावर ती छटाच गायब. म्हणून डिदरिंग, म्हणजे ठिपका एकतर आहे नाहीतर नाही, आणि ठिपक्यांच्या दाटीवर छटा, जुन्या पेपरातल्या फोटोसारखं. लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जार्विस किंवा स्टकी ही डिदरिंगची पद्धत निवडा, फुकटातला लेझरजीआरबीएल पण चालतो, त्यातही डिदरिंग आहे. फोटो या पांढऱ्या पद्धतीत निगेटिव्ह करायचा नाही. केला होता मी एकदा, सवयीने. पाचवी टाईल.

टेस्ट ग्रिड, टाळू नका

नवीन कॅन उघडला, नवीन बॉक्समधली टाईल घेतली, की एक टाईल टेस्टला द्यायचीच. १० मिमीचे चौकोन, आडवे पाच स्पीड, उभ्या पाच पॉवर. माझ्या ५ वॅटला मी मिनिटाला ८०० ते २४०० मिमी आणि पॉवर ६० ते १०० टक्के ठेवतो, १० वॅटला स्पीड दुप्पट धरून सुरू करा. लाइटबर्नमध्ये मटेरियल टेस्ट म्हणून तयार जनरेटर आहे, तोच वापरा.

आणि निकाल धुतल्यावरच बघायचा. न धुता सगळेच चौकोन काळे दिसतात, तिथेच आपण फसतो. धुतल्यावर काही चौकोन उडालेले असतील, तिथे उष्णता कमी पडली. काही तपकिरी किंवा खरबरीत, बोट फिरवलं तर लागतं, तिथे जास्त झाली, ग्लेझ उकळलं. मधले दोन-तीन काळे आणि गुळगुळीत, त्यातला सगळ्यात वेगवान तुमचा. माझा आकडा १५०० ला ८५ टक्के येतो, पण तो आंधळेपणाने घेऊ नका, तुमचा कॅन वेगळा, हात वेगळा.

सगळेच उडाले तर पॉवरच्या मागे लागू नका, थर पातळ करून परत मारा.

चालवायचं

भिंतीच्या टाईल पूर्ण सपाट नसतात, मध्ये फुगवटा असतो, मागे उभार असतात. टाईल ठेवून चारही कोपऱ्यात आणि मध्ये फोकसचं अंतर तपासा, कोपरा हलत असेल तर खाली कागदाच्या घड्या घाला. माझ्या चौथ्या टाईलचा डावा भाग काळा आणि उजवा धुरकट आला तो यामुळेच. बेडवर लाकडी पट्ट्यांचा काटकोन पक्का करून ठेवा, टाईल नेहमी त्याच कोपऱ्यात टेकवायची. याचा दुसरा फायदा असा की मध्येच लाईट गेली, आणि आपल्याकडे जातेच, तर लेझरचं डोकं हाताने परत त्या कोपऱ्यावर आणून उरलेलं काम तिथून पुढे चालवता येतं, लेझरजीआरबीएलमध्ये ठराविक ओळीपासून पुढे चालवायची सोय आहे. तरी जोड दिसतो. छोटा यूपीएस मशीन आणि लॅपटॉप दोन्हीला लावा, सहाव्या टाईलचे पैसे त्यातच वळते झाले असते.

कंट्रोलरमध्ये लेझर मोड चालू आहे ना बघा, जीआरबीएलमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, $३२=१, आणि $३० ची किंमत सॉफ्टवेअरमधल्या कमाल पॉवरशी जुळायला हवी, बहुतेक १०००. लेझर मोड बंद असेल तर वळणावर कडा जळतात. ओव्हरस्कॅन पण चालू ठेवा, म्हणजे डोकं फोटोच्या बाहेर जाऊन वळेल आणि आत एकाच वेगाने येईल. एअर असिस्टचा, म्हणजे लेझरजवळ सोडलेल्या हवेचा, जोराचा झोत नको, हलका चालेल, लेन्सवर धूर बसू नये एवढाच. दर दोन टाईलनंतर लेन्स कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून पुसा, हळू हळू फोटो फिके यायला लागले तर नव्वद टक्के वेळा लेन्सच मळलेली असते.

काम झालं की टाईलला लगेच हात लावू नका आणि लगेच थंड पाण्याखाली तर अजिबात धरू नका. सातवी तशीच गेली, नळाखाली धरली आणि टक् असा आवाज.

धुणं

गार झाल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवर, रबरी हातमोजे घालून, ॲसिटोन किंवा एनसी थिनरने पुसा. जुने बनियन फाडून ठेवा, फडकी खूप लागतात. पहिला पांढरा चिखल निघतो, घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या फडक्यात फोटो वर येतो. मग भांड्याचा साबण आणि हिरवी घासणी घेऊन बिनधास्त रगडा, काळ्यावर जी राख बसलेली असते ती यातच जाते आणि फोटो थोडा फिका पडल्यासारखा वाटून मग स्पष्ट होतो. नखाने आणि नाण्याने खरवडून बघा. थिनरचं पाणी मोरीत ओतायचं नाही, फडकी उघड्यावर पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात.

दारावरची पाटी करायची असेल तर अजून एक गोष्ट. मराठी नावं थेट लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केली आणि जोडाक्षरं तुटली, म्हणजे 'कुलकर्णी'चा रफार भलतीकडे किंवा 'श्री'चे तुकडे, तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, अक्षरांचा पाथ, म्हणजे नुसता आकार, करा आणि मग आणा. फॉन्ट मुक्ता बोल्ड किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि जाडसर आहेत, बारीक फॉन्टमध्ये अनुस्वार धुण्यात निघून जातो आणि पंडितांचे पडित होतात. अक्षरं डिदरिंगने नाही, सरळ फिल करून मारा. ही पाटी उन्हा-पावसात राहते, माझ्या मामाच्या सिडकोतल्या दारावरची दोन पावसाळे काढून तशीच्या तशी आहे, फक्त चिकटवताना सिलिकॉन लावा, दुहेरी टेपवर टाईलचं वजन टिकत नाही.

आणि प्रत्येक टाईलच्या मागे, चिकटवायच्या आधी, परमनंट मार्करने कॅन कुठला, किती हात, स्पीड, पॉवर, तारीख लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं हरवतं. माझ्या वाया गेलेल्या सातपैकी दोन आता चहाच्या कपाखाली आहेत, एक कुंडीखाली, आणि या सातांखेरीज ती आजोबांची अजून आजीच्या कपाटात पालथी पडलीये, नवीन करून दिली तरी जुनी परत देत नाही.